परतणाऱ्यांना करसवलत कितपत उपयोगी?

प्रश्न : परदेशी स्थायिक झालेल्या कुशल नागरिकांनी मायदेशी परतावे म्हणून अनेक सरकारे प्राप्तिकरात मोठी सूट देतात. त्यामुळे लोक खरोखर परततात का?

उत्तर : काही जण परततात, परंतु त्यांपैकी कितीजण सवलतीशिवायही आलेच असते, हे ठरवणे अवघड असते. परतण्याचे ज्याने आधीच ठरवले आहे, त्यालाही सूट मिळतेच, आणि तेवढा महसूल बुडतो. पोर्तुगालने २०१९ पासून परतणाऱ्यांचे निम्मे श्रमउत्पन्न पाच वर्षे करमुक्त केले. मलेशियाने तितक्याच काळासाठी १५ टक्के असा सरसकट दर ठेवला. इटलीने मात्र आपली फार उदार सवलत २०२४ पासून बरीच आखडती घेतली.

माझ्या मते करापेक्षा कामाची जागा अधिक निर्णायक ठरते. दक्षिण कोरियाने १९६६ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान संशोधनाची स्वतंत्र संस्था स्थापन केली, तेव्हा परदेशातील कोरियन संशोधकांना चांगला पगार आणि घर यांबरोबरच संशोधनाची स्वायत्तताही देऊ केली. तैवानने १९८० मध्ये शिन्चू येथे विज्ञान उद्यान उभारले आणि परतणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे शिक्षण अडू नये म्हणून तेथे द्विभाषिक शिक्षणाची सोय केली. नोकरीचा प्रस्ताव आकर्षक असूनही मुलांच्या शाळेपाशी बेत फिसकटतो, हे तेथील धोरणकर्त्यांनी ओळखले होते. अमेरिकेत कारकीर्द घडवलेले मॉरिस चँग १९८५ मध्ये तैवानच्या सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेचे प्रमुख झाले आणि १९८७ मध्ये त्यांनी टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी स्थापन केली. (चँग यांचा जन्म चीनच्या मुख्य भूमीवरचा, त्यामुळे त्यांचे येणे हे काटेकोर अर्थाने परतणे नव्हते. पण चांगली संस्था जन्मस्थान पाहून माणसे निवडत नाही.)

प्रश्न : देशातच राहून काम करणाऱ्यांवर हा अन्याय नव्हे का?

उत्तर : एकाच प्रयोगशाळेत, एकाच कामासाठी, केवळ परदेशवारीमुळे पगार वेगळा असेल, तर अन्याय आहेच, आणि त्यातून येणारी कटुता नवागतालाही टिकू देत नाही. स्थलांतराचा खर्च परतणाऱ्यालाच द्यावा, त्यात गैर काही नाही. मात्र उपकरणे, संशोधन अनुदान आणि बढतीचे निकष सर्वांना सारखेच असावेत.