ओट्यावरच्या चौघी

मावशी, प्रभूच्या नावात सलाम.
मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. गावात ख्रिस्ती घरं सातच, उपासनेला तालुक्याला जावं लागतं. माझं दुःख हे की माझ्या भक्तीत नेम टिकत नाही. दर 1 जानेवारीला ठरवते, पहाटे साडेचारला उठायचं, तासभर प्रार्थना करायची आणि वर्षात सबंध पवित्र शास्त्र वाचून काढायचं. गेली तीन वर्षं लेवीय या तिसऱ्या पुस्तकापाशी येऊन गाडी थांबते. शुक्रवारचा उपास कधी होतो, कधी मोडतो. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, मात्र कधी चुकवला नाही. प्रार्थनेत मन लागत नाही. सासूबाईंचं औषधपाणी, पोरांचे डबे, त्यात अठरा क्विंटल कापूस अजून घरातच आहे. भाव वाढेल म्हणून ह्यांनी ठेवलाय. मी त्या कापसाच्या खोलीतच प्रार्थनेला बसते, तेवढीच जागा शांत. पण तिसऱ्या वेचणीचे पैसे राहिलेत, तर त्या बाया नेमक्या सकाळीच येऊन ओट्यावर बसतात. हाक मारत नाहीत, पण बाहेर आहेत हे कळलं की चित्त उडतं. वही मीच लिहिते, चौघींचे मिळून साडेसहा हजारच आहेत तसे. आता लेंट येतंय, ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस. मला कडक नेम घालून द्या. प्रभू माझ्यावर नाराज असेल का?
— एक बहीण

पोरी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझी माया आली. घरचं, वावरातलं, म्हाताऱ्या माणसाचं सगळं उरकून पहाटेचा तास देवासाठी काढू बघणारी बाई मला माझीच वाटते. दुसऱ्यांदा वाचताना ओट्यापाशी थांबले. तिसऱ्यांदा मी तेवढंच वाचलं.

सासूबाईंचं औषध, पोरांचे डबे, आणि त्याच रांगेत वेचणीच्या बाया. ज्या गोष्टींनी तुझं मन प्रार्थनेतून उठतं, त्यांत तू त्यांना मोजलंस. राग आला मला, लपवत नाही.

तू नेम मागितलास ना? माझ्याकडे एकच आहे. येत्या शनिवारी दिवस मावळायच्या आत त्या चौघींचे साडेसहा हजार रुपये त्यांच्या घरी नेऊन दे. ते होईपर्यंत लेंटचं नाव काढू नकोस.

आता 'साडेसहा हजारच' या शब्दाबद्दल. किलोला 10 रुपये धरले तर हा साडेसहा क्विंटल कापूस झाला. तिसऱ्या वेचणीला बोंडं बारीक, अर्धी किडकी. दिवसभर वाकून एका बाईचे वीस-पंचवीस किलो होतात कसेबसे. म्हणजे चौघींचे सात-आठ दिवस. कमरेला ओटी बांधायची, पऱ्हाटीत शिरायचं, बोंडाच्या वाळल्या टोकांनी नखांच्या कडा सोलून घ्यायच्या, आणि संध्याकाळी डोक्यावर गाठोडं घेऊन वजनाला उभं राहायचं. ते वजन तू वहीत लिहिलंस. तो कापूस तुझ्या खोलीत छतापर्यंत आला आणि त्याच्याच शेजारी तू गुडघे टेकतेस.

लेवीयापाशी गाडी थांबते म्हणतेस. सगळ्यांचीच थांबते, यज्ञ आणि कोडाचे नियम वाचता वाचता दमछाक होते. पण थोडं पुढे 19 वा अध्याय आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही आज्ञा येशूने तिथूनच घेतली. त्या आज्ञेच्या पाच वचनं आधी, 13 व्या वचनात, मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवायची नाही असं सांगितलंय. एका रात्रीची मुभा नाही, पोरी. तुझ्याकडे किती रात्री झाल्या? तिसरी वेचणी नाताळाच्या आसपास आटोपली असणार.

पवित्र शास्त्रातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात कारणही दिलंय. मजुराला त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशाकडे लागलेला असतो. मग तो तुझ्याविरुद्ध परमेश्वराला हाक मारील आणि ते तुझं पाप ठरेल. मी शनिवारची संध्याकाळ सांगितली ती इथूनच. येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला तर तू लहानपणापासून ऐकला असशील. त्यावर प्रवचनं होतात ती बहुतेक शेवटच्या तासाला येऊनही पूर्ण मजुरी मिळालेल्या माणसावर. दाखल्यातला मालक संध्याकाळ झाल्याबरोबर कारभाऱ्याला हाक मारतो, मजुरांना बोलाव आणि त्यांची मजुरी दे म्हणतो. द्राक्षाला बाजार काय लागतो ते बघू, मग देऊ, असं त्याच्या मनातही येत नाही.

आणि याकोबाचं पत्र, नव्या करारातलं. हे सांगताना मला स्वतःलाच धडकी भरते. 5 व्या अध्यायाच्या 4 थ्या वचनात तो शेतं कापणाऱ्या मजुरांची गोष्ट काढतो. त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असं तो लिहितो. मजूर ओरडतात हे पुढे येतं, त्यांचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी गेला असंही येतं. पण आधी मजुरीच ओरडते. तू लिहितेस, त्या बाया हाक मारत नाहीत. नसतील मारत. तू ज्या खोलीला शांत म्हणतेस, त्या खोलीत साडेसहा क्विंटल मजुरी भरलेली आहे. तिथं मन लागत नाही याची तू तक्रार करतेस. मला उलट वाटतं, तुझं मन अजून जागं आहे. ते तिथं रमलं असतं तर मी घाबरले असते.

आता घरधन्यांचं. 'ह्यांनी ठेवलाय' हे दोन शब्द मी खूप ऐकलेत. कापूस ठेवावा, मला त्यात काही म्हणायचं नाही. 2025-26 च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये ठरला, आणि गावात येणारा व्यापारी खेडा खरेदीत त्यापेक्षा कमीच सांगतो. कास्तकाराने वाट पाहिली तर त्याला लोभी म्हणायची माझी छाती नाही. कर्ज आणि पावसाने आपल्या लोकांचं काय केलं ते मी याच मातीत राहून पाहिलंय. पण जोखीम ज्याची त्याने घ्यावी. वावर तुमचं, कापूस तुमचा, भाव वाढला तर नफा तुमचा. दोन महिन्यांनी भाव हजाराने चढला तर त्या चौघींना किलोमागे जास्तीचे दोन रुपये देणार आहात का? नाही ना. मग तुमच्या वाट पाहण्याचा भार त्यांच्या चुलीवर का?

आणि सगळा कापूस विका असं मी म्हणतच नाही. एक क्विंटल वीक. अठरातला एक. खेडा खरेदीत पडत्या भावाने दिलास तरी साडेसहा हजार सुटतील. जो तोटा होईल तो सोसा. धनी नको म्हणाले तर त्यांच्यासमोर वही उघड, तुझ्याच अक्षरातलं वजन दाखव, आणि याकोबाचं ते वचन मोठ्याने वाच. भांडू नकोस. वाचून झाल्यावर गप्प बस.

मला एवढं बोलायचा हक्क कुठून आला तेही सांगते. माझी आई वेचणीला जायची. आम्ही ख्रिस्ती, आणि ज्याच्या वावरात ती जायची तो कास्तकारही ख्रिस्ती, मंडळीतला वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांपैकी. पहिल्या वेचणीला शेजारच्या वावरात सीतादहीची पूजा व्हायची, दहीभात ठेवायचे, आणि आमचा मालक धुऱ्यावर उभा राहून उपकारस्तुतीची प्रार्थना करायचा. सुंदर प्रार्थना करायचा, अजून आठवते. पैशाला मात्र संक्रांत उलटायची. मी सात-आठ वर्षांची असेन. आईचं बोट धरून सकाळी त्याच्या दारात जायची. आत घरची प्रार्थना चाललेली असायची, पेटीवर गीत चालू. मी म्हणायची, आई, दार वाजव ना. ती म्हणायची, "थांब, त्यायची प्रार्थना होऊ दे." आणि ओट्याच्या कडेला बसून हळू आवाजात तेच गीत म्हणायची, सगळी कडवी तिला पाठ होती. प्रार्थना संपल्यावर कोणी तरी बाहेर यायचं आणि उद्या या म्हणायचं.

तुझ्या ओट्यावरच्या बाया हाक का मारत नाहीत, हे मला माहीत आहे. तुझी प्रार्थना चालू आहे म्हणून त्या थांबलेल्या असतात. तुझ्या भक्तीचा मान त्या राखतात. ख्रिस्ती असोत नसोत.

दशमांश कधी चुकवला नाही, हे तू अभिमानाने लिहिलंस, आणि इतर वेळी मी शाबासकी दिली असती. या हंगामाचं पाकीट मंडळीत टाकायच्या आधी मत्तयाच्या 5 व्या अध्यायातली 23 आणि 24 ही वचनं वाच. वेदीपाशी दान आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन दान दे. हे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं आहे. नारायण वामन टिळकांना राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका परक्या प्रवाशाने नवा करार दिला, तेव्हा याच प्रवचनाने त्यांना धरलं. पुढे 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, घरदार, जात, माणसं तुटली तरी. ज्या पानांवर त्यांनी एवढं सोडलं, त्या पानांवर तुला आठ दिवसांत एक क्विंटल कापूस सोडायचा आहे.

शुक्रवारच्या उपासाचं विचारलंस म्हणून सांगते, यशयाचा 58 वा अध्याय उपासावरच आहे. लोक विचारतात, आम्ही उपास केला तरी देवा, तू बघत का नाहीस? उत्तर तिसऱ्याच वचनात आहे. उपासाच्या दिवशीही तुम्ही आपलाच मतलब साधता आणि आपल्या मजुरांना पिळता. त्यापुढचं तू वाच, मी इथं उतरवत नाही.

पहाटेच्या साडेचारचं फार मनावर घेऊ नकोस. येशू अगदी अंधारात उठून एकांतात गेला, हे मार्कात आहे. दानीएल दिवसातून तीनदा खिडक्या उघडून गुडघे टेकायचा. दोघंही आपापल्या दिवसाप्रमाणे. तुझा दिवस म्हाताऱ्या सासूचा आणि शाळेच्या डब्यांचा आहे, डबे गेल्यावर वीस मिनिटं बस. पवित्र शास्त्राचे अध्याय 1,189 आहेत. रोज एक वाचलास तर सव्वातीन वर्षं लागतील. लागू दे. तीन वर्षं तू दर जानेवारीला उत्पत्तीपासून धरतेस, यंदा मागे जाऊ नकोस. शनिवारी रात्री, पैसे देऊन आल्यावर, लेवीयाचा 19 वा अध्याय काढ आणि तिथून पुढे चाल. लेंट ज्या दिवशी सुरू होतं त्या राखेच्या बुधवारापर्यंत तू त्या पुस्तकाबाहेर पडलेली असशील.

प्रभू नाराज असेल का, हा तुझा शेवटचा प्रश्न. यिर्मया 22 व्या अध्यायात एका राजाला झापतो, कारण तो लोकांकडून फुकट काम करून घेऊन घर बांधत होता. मग त्याच्या बापाची आठवण काढतो. तुझ्या बापाने गरिबाचा, दुबळ्याचा न्याय केला. हेच मला ओळखणं नव्हे काय, असं परमेश्वर म्हणतो. पहाटे तासभर बसून तू जे शोधतेस ते हेच. त्याची ओळख. ती तुझ्या ओट्यावर येऊन बसते आहे.

तर शनिवारी स्वतः जा. धन्याला पाठवू नकोस, पोराच्या हाती देऊ नकोस, त्यांना बोलावून घेऊ नकोस. खूप वेळा आल्यात त्या. प्रत्येकीचे वेगळे मोजून ने. उशीर झाला, चूक माझी, एवढंच म्हण. भाव, कापूस, धनी यातलं काही सांगत बसू नकोस. चहा केला तर पिऊन ये.

आणि पुढच्या पत्रात मला त्या चौघींची नावं लिही. तू सासूबाईंचं लिहिलंस, पोरांचं लिहिलंस, कापूस किती तेही लिहिलंस, त्यांची नावं राहिली. मी छापणार नाही. मला प्रार्थनेत घ्यायची आहेत.

तुझी,
मावशी