विचारा की : चॅट्सवर्थची बाग, कराडची केळी आणि काकूंचे गुडघे

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही कराड तालुक्यातले, ऊस आहे आणि थोडी जी-नाईन केळी. लेक-जावई मँचेस्टरला असतात, मे महिन्यात आम्ही दोघं तिकडं चाललोय. लेक म्हणते एका रविवारी चॅट्सवर्थ नावाचा मोठा वाडा दाखवते. वाडे आम्ही पुष्कळ बघितलेत, मला बागेत जास्त रस. तिकीट काढून जाण्यासारखी आहे का बाग? मंडळींचे गुडघे दुखतात. आणि तिथनं एखादं रोप आणता येईल का?
— एक वाचक, ता. कराड

उत्तर : काका, नक्की जा, आणि तुम्ही केळीवाले म्हणून तर जाच! तुमची जी-नाईन ज्या कॅव्हेंडिश गटातली, ते नाव याच वाड्याच्या मालकांचं, डेव्हनशायरचे ड्यूक म्हणजे कॅव्हेंडिश घराणं. 1830 च्या दशकात त्यांच्या मुख्य माळ्यानं, जोसेफ पॅक्स्टननं, तिथल्या काचघरात एक बुटकी केळ वाढवली, तिला घड आणला आणि मालकाचं नाव दिलं. इंग्लंडच्या थंडीत केळीचा घड, विचार करा! आपली जुनी बसराई म्हणजे तीच बुटकी कॅव्हेंडिश.

हा पॅक्स्टन शेतकऱ्याच्याच घरातला पोरगा, 1826 ला मुख्य माळी झाला तेव्हा पंचविशीसुद्धा गाठली नव्हती, आणि पुढं 1851 ला लंडनच्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस, म्हणजे काच-लोखंडाचा भलामोठा महाल, उभा केला तो ह्यानंच, काचघरं बांधता बांधता शिकलेला माणूस. चॅट्सवर्थला त्यानं एक भलंमोठं काचघर बांधलं होतं, आत गरम ठेवायला कोळशावर बॉयलर चालायचे, पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना तशी आतली झाडं गेली आणि 1920 मध्ये ते पाडलं. आज त्या जागी यू नावाच्या सदाहरित झाडांच्या कुंपणाचा भूलभुलैया आहे, तिथं जरा थांबा आणि काय होतं ते लेकीला सांगा. आणि हो, 1835 ला ड्यूकनी जॉन गिब्सन नावाचा माळी खास आपल्याकडं पाठवला होता, कोलकात्याला उतरून तो खासीच्या डोंगरात फिरला आणि ऑर्किडची रोपं घेऊन परत गेला. म्हणजे ज्या बागेचं एवढं कौतुक चालतं तिच्यातलं बरंच काही आपल्यासारख्या मुलखातनं गेलंय, हे डोक्यात ठेवून बघितलं की बाग वेगळीच दिसते, मला तरी दिसली.

पाणी तर तुम्हाला आवडणारच. एम्परर फाउंटन म्हणून कारंजं आहे, 1844 ला रशियाचा झार येणार म्हणून पॅक्स्टननं केलं, वरच्या माळावर 8 एकरांचं तळं खणलं आणि तिथनं पाइपनं खाली आणलं. पंप नाही बिंप नाही, नुसत्या उताराच्या दाबावर पाणी 296 फुटांपर्यंत उडाल्याची नोंद आहे. कासचं पाणी उतारानं साताऱ्यात आणलं तोच हिशोब. झार काही आला नाही, कारंजं मात्र आहे. दुसरं म्हणजे विलोचं झाड, लांबनं बघितलं तर साधं झाड वाटतं, जवळ गेलं की कळतं धातूचं आहे आणि फांद्या-फांद्यांतनं पाण्याच्या बारीक धारा सुटतात, मूळचं झाड 1690 च्या दशकातलं, आताचं नंतर केलेलं. कॅस्केड, म्हणजे दगडी पायऱ्यांवरनं उतरणारं पाणी, 300 वर्षांपेक्षा जुनं आहे पण त्याच्या दुरुस्तीचं काम निघालंय, त्यामुळं चालू आहे का ते जायच्या आधी वेबसाइटवर बघून घ्या.

आता काकूंचं. बाग 105 एकर आणि डोंगराच्या उतारावर, सगळी बघायचा हट्ट धरू नका. खालच्या बाजूची कारंजं, काचघरं आणि मेमध्ये फुललेले ऱ्होडोडेंड्रॉन एवढं केलं तरी दिवस जातो. व्हीलचेअर किंवा बॅटरीवरची गाडी मिळते का ते लेकीला आधी फोन करून विचारायला सांगा. जमलं तर रविवार सोडून मधल्या वारी जा. वाडा बघायचा नसेल तर नुसत्या बागेचं तिकीट वेगळं मिळतं, ऑनलाइन काढा, आणि नॅशनल ट्रस्टचा (जुने वाडे-बागा सांभाळणारी तिकडची संस्था) पास असला तरी इथं चालत नाही कारण ही जागा त्यांची नाही. डबा न्या बिनधास्त, हिरवळीवर बसून खाता येतं, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उत्तम. रेनकोट मेमध्येसुद्धा लागतो.

रोपाचं मात्र नाही हो काका. परमिट आणि रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय रोप, बी, कलम काहीही भारतात आणता येत नाही, आणि तुम्ही केळीवाले आहात, मातीतनं एखादा रोग आला तर काय होतं ते मी तुम्हाला काय सांगायचं! त्यापेक्षा झाडांपाशी नावाच्या पाट्या दिसतील त्यांचे फोटो काढा, इकडं आल्यावर चांगल्या नर्सरीत दाखवा, त्यातली काही इथं मिळतात, पण थंडीतली झाडं कराडच्या उन्हात टिकणार नाहीत, तो खर्च करू नका.