कैदी मारला, गट फुटला

प्रश्न: आमच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या खेळात (यात प्रत्येक खेळाडू एक काल्पनिक पात्र वठवतो) एकाच्या पॅलाडिनने, म्हणजे शपथबद्ध योद्ध्याने, शरण आलेल्या गॉब्लिनला, म्हणजे एका बुटक्या राक्षसाला, अभय दिलं आणि रात्री दुसऱ्या खेळाडूच्या चोर पात्राने त्या गॉब्लिनचा गळा चिरला. आता दोघे खेळाडू एकमेकांशी बोलत नाहीत. डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून मी काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: आधी खेळ थांबवा. दोघांना समोरासमोर बसवा आणि राग पात्राचा आहे की माणसाचा, हे त्यांच्याच तोंडून ऐका. 'माझं पात्र असंच वागलं असतं' ही सबब मी माझ्या टेबलावर अजिबात चालवून घेत नाही. पात्र आपणच घडवतो, त्याला वेगळं वागायला लावणंही आपल्याच हातात असतं.

पॅलाडिनचा खेळाडू बहुधा जुन्या वळणाचा असावा. १९७८च्या नियमपुस्तकात पॅलाडिनला दुष्ट पात्रांची संगत चालत नसे. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत तो बांधील आहे तो स्वतःच्या शपथेला. हे त्याला जरूर सांगा, जीव हलका होईल.

चोराच्या खेळाडूला विचारा: गॉब्लिन सुटला असता तर तुला नेमकी कसली भीती होती? मोठ्या टोळीची? मग ती टोळी पुढच्या खेळात खरंच आणा. आणि एकाच्या पात्राने दुसऱ्याचा शब्द मोडायचा असेल, तर फासे टाकण्याआधी त्या खेळाडूची संमती घ्यायची, हा नियम आजच करा.