टिपणातला ‘आणा’ : लांबीचा की क्षेत्राचा?

प्रश्न असा आहे : शेताच्या जुन्या टिपणाच्या (मोजणीच्या वेळी मापं लिहून काढलेल्या कच्च्या नकाशाच्या) नकलेत पायाच्या रेघेवर ‘8-4’ आणि तिच्यावरच्या लंबावर ‘3-8’ असे आकडे आहेत. भूकरमापक (सरकारी मोजणीदार) त्यांना ‘साखळ्या-आणे’ म्हणतात. आणा म्हणजे नाणं, मग त्यात लांबी कशी मोजणार?

इथे आणा म्हणजे सोळावा हिस्सा, मग पूर्ण वस्तू रुपया असो, साखळी असो की गुंठा. ‘सोळा आणे खरं’ म्हणतो तोच हा आणा. पिकाची आणेवारी आणि सामाईक जमिनीतला ‘चार आणे हिस्सा’ हे शब्दही त्यातूनच आले.

मुंबई इलाख्यात 1830च्या दशकात इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी रयतवारी पाहणीची (थेट शेतकऱ्यावर सारा बसवण्यासाठीच्या जमीनमोजणीची) जी घडी बसवली, ती पुढे इलाखाभर गेली. या मोजणीतली साखळी 33 फुटांची आणि तिचे भाग 16. म्हणजे लांबीचा एक आणा 2 फूट पाऊण इंच. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद चौरस (33 × 33 = 1089 चौरस फूट) म्हणजे एक गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. 33 हा आकडा विचित्र वाटतो खरा, पण त्यामुळे साखळ्यांचा नुसता गुणाकार केला की थेट गुंठेच हातात येतात. फार हुशारीने निवडलेलं माप आहे हे.

टिपणातली पद्धत ‘शंकू-साखळी’ची. शेताच्या दोन लांबच्या कोपऱ्यांमधून पायाची रेघ धरायची. शंकू म्हणजे काटकोनात छेदणाऱ्या दोन फटींचं डोकं असलेला दांडा. तो रेघेवर पुढेमागे सरकवत एका फटीतून रेघ आणि दुसरीतून बाजूचा कोपरा दिसेल तिथे रोवायचा आणि तिथून कोपऱ्यापर्यंत लंब मोजायचा. शेताचे असे त्रिकोण आणि समलंब चौकोन पडतात; त्यांच्या क्षेत्राचा हिशेब ‘गुणाकार बुक’ नावाच्या नोंदवहीत मिळतो.

विचारलेले आकडे एकाच त्रिकोणाचा पाया आणि लंब आहेत असं धरून हिशेब करू. 8-4 म्हणजे सव्वाआठ साखळ्या, 3-8 म्हणजे साडेतीन. 8.25 × 3.5 ÷ 2 = 14.4375, म्हणजे 14 गुंठे 7 आणे.

शेवटचे 7 आणे मात्र क्षेत्राचे, आणि घोळ होतो तो इथेच. क्षेत्राचा आणा हा गुंठ्याचा सोळावा भाग, सुमारे 68 चौरस फूट : साखळीभर लांब आणि लांबीचा एक आणा रुंद पट्टी. लांबीच्या आण्याला लांबीच्या आण्याने गुणलं तर आणा मिळत नाही, गुंठ्याचा 256वा भाग मिळतो. म्हणून आधी सगळं साखळीच्या अपूर्णांकात आणावं, मगच गुणावं.

दुसरी चूक आणखी महागात पडते : मधली आडवी रेघ दशांशचिन्ह समजणं. 8.4 आणि 3.8 धरलं तर हाच त्रिकोण 15.96 गुंठ्यांचा होतो. कागदावर दीड गुंठा जमीन वाढते आणि बांधावर भांडण उभं राहतं. 8-11 म्हणजे 8.11 नव्हे, 8.6875. फरक 19 फुटांचा.

साखळीतही दोष असतो. वापरून कड्या ताणल्या की ती लांबते आणि खरं अंतर कमी नोंदलं जातं. चढावर ती जमिनीला टेकवून मोजली तर उलटं होतं, अंतर जास्त भरतं. क्षेत्राला आडवं अंतर लागतं. त्यामुळे जुन्या आणि नव्या मापात थोडा फरक दिसला की लगेच अतिक्रमण म्हणू नये.

आज मोजणी ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) या यंत्राने किंवा रोव्हरने (उपग्रहांच्या संकेतांवरून जागा ठरवणाऱ्या यंत्राने) मीटरमध्ये होते, तरी हे आणे वाचता यावेच लागतात. हद्द कायम मोजणीत जुन्या टिपणावरून मूळ हद्द बसवून प्रत्यक्ष वहिवाटीशी ताडली जाते. पोटहिस्सा मोजणीत हिश्श्यांची बेरीज मूळ सर्व्हे नंबराच्या क्षेत्राशी जुळावी लागते. रूपांतराला एक साखळी 10.058 मीटर धरावी, म्हणजे 8-4 हे 82.98 मीटर. गुंठा आणि आर मात्र एक समजू नयेत : गुंठा 101.17 चौरस मीटर, आर बरोबर 100.

नकलेवर आकडा पुसट असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गुणाकार बुकाचीही नक्कल काढावी. तिथल्या क्षेत्रावरून उलटा हिशेब केला की 3 आहे की 8, हे बहुतेक वेळा कळतं.