दहावीला ९३, कॅटला ५८

'ताई, मी २४ वर्षांची. कोल्हापूरला इंजिनिअरिंग केलं, दोन वर्षं हिंजवडीत नोकरी करतेय. यंदा एमबीएच्या प्रवेशासाठी कॅट दिली आणि ५८ पर्सेंटाइल आले. गणितात ८३, इंग्रजीत ५५, लॉजिकल-डीआयमध्ये, म्हणजे तर्क आणि आकडेवारीच्या विभागात तर २९! तिथे पहिल्याच सेटवर (एकाच माहितीवरच्या प्रश्नांच्या गटावर) २२ मिनिटं गेली, शेवटी तो सुटलाच नाही. बाबा म्हणतात, "दहावीला ९३ आणि आता ५८?" चुलतभावाला पहिल्या फटक्यात ९८ आले, त्यामुळे घरात दुसरा विषय नाही. नोकरी सोडून वर्षभर पूर्णवेळ अभ्यास करू का? मोठ्या क्लासला फी भरू का? की हे माझं कामच नाही?
– नापास वाटणारी'

अगं नापास वाटणारे,

आधी बाबांचा हिशेब सरळ करू. दहावीचे ९३ हे टक्के होते, हे ५८ टक्के नाहीत. परीक्षेला अडीच-तीन लाख मुलं बसतात, त्यातली शंभरातली ५८ तुझ्या मागे आहेत. म्हणून निकाल चांगला आहे असं मी म्हणत नाही, तो चांगला नाहीच. पण बाबांना वाटतं तशी तुझी अक्कल पस्तीस टक्क्यांनी घटलेली नाही.

आता त्या २२ मिनिटांकडे ये. तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे. विभागाला मिळतात ४० मिनिटं, म्हणजे उरलेल्या सगळ्या सेट्सना मिळून तुझ्याकडे १८ राहिली. तू हट्टी आहेस म्हणून हे झालं नाही. आपण सगळे बोर्डाच्या पेपरांवर वाढलोय आणि तिथे गणित अर्धवट सुटलं तरी स्टेप्सचे मार्क मिळतात. त्यामुळे हातात घेतलेलं सोडायचं नाही ही सवय हाडात मुरते. कॅटमध्ये स्टेप्सना शून्य. बरोबर उत्तराला ३, पर्याय निवडायचा प्रश्न चुकला तर वजा १. टाइप करून लिहायच्या उत्तराला मात्र चुकल्यावर काही कापत नाहीत, ते प्रश्न कोरे ठेवू नकोस.

तेव्हा लॉजिकलचा सराव करताना पहिली पाच मिनिटं पेन खाली. सगळे सेट नुसते वाचायचे आणि कोणता घ्यायचा, कोणता सोडायचा ते ठरवायचं. सुरुवातीला निवड चुकेल, चुकू दे. घेतलेल्या सेटमध्ये दहा मिनिटांनंतरही तक्ता रिकामाच असेल तर बाहेर पड. नंतर तोच सेट घड्याळ न लावता पूर्ण सोडव आणि तो घ्यायच्या लायकीचा होता की नाही, हे समासात लिहून ठेव. अशी एक वही भरली की तुझी नजर तयार होईल. नजर क्लासच्या फीमध्ये मिळत नाही.

क्लासबद्दल म्हणशील तर गणितात ८३ आणणाऱ्या मुलीने पुन्हा टक्केवारीपासून सुरुवात करायला पैसे भरू नयेत. चांगली टेस्ट सिरीज घे, तेवढं पुरे. रविवारी सकाळी मॉक (पूर्ण सराव परीक्षा) दे आणि दुपार त्याच्या चुकांना दे. मॉकवर मॉक देत सुटणारी मुलं मी पाहिली आहेत, मार्क तिथल्या तिथेच!

इंग्रजीतल्या २४ पैकी १६ प्रश्न साधारणपणे उताऱ्यांवरच असतात, म्हणून शब्दांच्या याद्या पाठ करू नकोस. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसलेली असशीलच (त्या रस्त्याचा एवढाच काय तो उपयोग), तेव्हा अर्थकारण, इतिहास, विज्ञान, ज्या विषयाचा कंटाळा येतो त्यावरचा एक मोठा इंग्रजी लेख रोज वाच. लेखकाचं म्हणणं एका वाक्यात मनात मांड, मराठीत मांडलंस तरी चालेल.

नोकरी सोडू नकोस. रिकामा दिवस आठ तासांचा अभ्यास देत नाही, आठ तासांची धास्ती देतो. शिवाय अनेक संस्था कामाचा अनुभव मोजतात आणि मुलाखतीत 'वर्षभर काय केलंत?' हा प्रश्न तुला येणार नाही. रजा साठव आणि परीक्षेआधीचे दहा-बारा दिवस घे.

आणि सगळी अंडी कॅटच्या टोपलीत कशाला? आपल्या राज्याची एमबीए सीईटी आहे. २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. तिथे वेग चालतो. मुंबईत जमनालाल बजाज आणि सिडनहॅम या संस्था, पुण्यात विद्यापीठाचा एमबीए विभाग पुम्बा, ही दारं त्या परीक्षेतून उघडतात. तुझ्यासारख्या गणितवालीला ती कदाचित जास्त मानवेल. कॅट झाली की दोन दिवस झोप काढ आणि सीईटीचे पेपर सोडवायला घे.

हे तुझं काम आहे की नाही, ते मला आज सांगता येणार नाही. दहा मॉक झाल्यावर लॉजिकलचा आकडा कुठे आहे ते कळव, मग बोलू.

चुलतभावावर रुसली असशील तर रुसवा सोड आणि त्याच्याकडून जुन्या मॉकचे पेपर मागून घे. देईल तो. ९८वाल्यांना पेपर द्यायला फार आवडतं, सोबत तासभर सल्ला मिळतो, तेवढा ऐकून घे.

– तुझी ताई