घोडबंदर रोडला फ्लॅट घ्यायचाय, सोसायटी आणि परिसर कसा पारखावा?

एजंट रविवारी दुपारी फ्लॅट दाखवतो, कारण तेव्हा रस्ता मोकळा असतो. तुम्ही सोमवारी सकाळी आठला त्या गेटपासून ठाणे स्टेशनपर्यंत जाऊन बघा. गायमुख घाटात एखादा कंटेनर बंद पडला की मागे सगळं ठप्प, हेही हिशोबात धरा.

पण मी असतो तर आधी पाणी बघितलं असतं. वॉचमनला सरळ विचारा, "दादा, टँकर दिवसाला किती येतात?" तो खरं सांगतो, सेक्रेटरी सांगेलच असं नाही. महापालिकेचं पाणी किती वेळ येतं, एप्रिल-मेमध्ये काय हाल असतात, टँकरचे पैसे मेंटेनन्समध्येच की वेगळे? घरमालकाकडून सोसायटीचा मागच्या वर्षीचा अहवाल मागून घ्या आणि त्यात टँकरचा खर्च शोधा. स्विमिंग पूल नंतर बघा.

ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, नसेल तर विषय तिथेच संपवा, "महिन्याभरात येईल" यावर जाऊ नका. महारेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, 2017 पासून आहे. त्यानंतरचा प्रकल्प असेल तर त्यांच्या साइटवर मंजुऱ्या आणि बिल्डरवरचे खटले दिसतात. जुनी इमारत असेल तर कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, तेवढं विचारा.

लिफ्टशेजारचा नोटीस बोर्ड नक्की वाचा. थकबाकीदारांची लांबलचक यादी, पार्किंगवरून दिलेली तंबी, लिफ्ट बंदची जुनी चिठ्ठी, सगळं तिथे लटकलेलं असतं. शेजारी लग्नाचा हॉल किंवा लॉन असेल तर रात्री दहाच्या सुमारास एक चक्कर मारा, तीही लग्नसराईत.