नवऱ्याविरुद्ध अर्ज केला तर कम्युनियन बंद होईल का?

प्रश्न : मी साताऱ्यात सासरी राहते. लग्न चर्चमध्ये झालं. नवरा पिऊन मारतो. रोज रोझरी म्हणते, नोव्हेना केल्या, फादरांना कन्फेशनमध्येही (पापकबुलीत) सांगितलं. सासूबाई म्हणतात, हा तुझा क्रूस आहे. घर सासऱ्यांच्या नावावर आहे. घटस्फोट नको आहे. तक्रार केली तर लग्न मोडेल का? कम्युनियन (मिस्सातला पवित्र प्रसाद) बंद होईल का?

उत्तर : ताई, दोन्ही होणार नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खालचा अर्ज म्हणजे घटस्फोट नव्हे. चर्चसुद्धा मार खात राहा म्हणत नाही. चर्चच्या कायद्यातल्या कलम ११५३ (कॅनन ११५३) नुसार जोडीदारापासून तुम्हाला किंवा मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळं राहता येतं. उशीर धोक्याचा असेल तर बिशपांच्या आदेशाआधीही. सासूबाईंना हे फादरांच्याच तोंडून ऐकवा.

मात्र कन्फेशनमधलं फादर कुठेच सांगू शकत नाहीत, कोर्टातही नाही. तेच त्यांना पॅरिशच्या ऑफिसात बसून पुन्हा सांगा, म्हणजे ते साक्ष देऊ शकतील.

मार बसला की त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटल गाठा आणि केसपेपरवर ‘नवऱ्याने मारले’ असंच लिहून घ्या. लाजेपोटी ‘घसरून पडले’ सांगितलं, तर उलटतपासणीत नेमकं तेच पान पुढे येतं. जखमांचे फोटो मूळ फोनमधून पुसू नका.

अर्ज संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत किंवा थेट प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, कलम १२ खाली. चर्चचा विवाह दाखला जोडा. कलम १८ खाली मारहाणीला मनाई, १९ खाली घरात राहण्याचा हक्क, २० खाली खर्च मागा. पहिली तारीख ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत, असं कायदा म्हणतो. तारखा लांबतात हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही विचारा. म्हणून निकाल लागेपर्यंतच्या संरक्षणासाठी कलम २३ चा अंतरिम अर्ज प्रतिज्ञापत्रासह पहिल्याच दिवशी द्या. घर सासऱ्यांचं असल्यानं अडत नाही. सतीशचंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये तसं स्पष्ट केलं. माहेरी, समजा सांगलीला गेलात, तर अर्ज तिथल्या कोर्टातही चालतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील मोफत देतं. बाईला उत्पन्नाची अट नाही.

फादर किंवा नातेवाईक समेट घडवायला बसतील. जरूर बसा, पण संरक्षण आदेश हातात आल्यावर, आणि समेट झाला म्हणून तो लगेच रद्द करून घेऊ नका. आदेश मोडला तर १ वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. समेटात नवऱ्यानं बायबलवर हात ठेवून घेतलेली शपथ मोडल्याबद्दल पोलीस कुणाला धरत नाहीत. रात्री अंगावर धावून आला तर ११२ लावा. सल्ल्यासाठी १८१ आहे.